विनोद लिहिणारा पोट्टा कुठून आला?

अचलपूर, पुसद किंवा ब्रह्मपुरीच्या आसपासच्या खेड्यांत आजकाल विशीतला एक पोट्टा हमखास भेटतो. चार मित्र जमवून तो मोबाइलवर वेब सिरीज काढतो. संवाद त्याचेच, गाण्याची चालही त्याचीच. कॅमेरा सुरू झाला की मात्र लिहिलेलं खिशात ठेवून तिथल्या तिथं सुचेल ते बोलतो. कॉलेजच्या नाट्यस्पर्धेला नागपूर-अमरावतीला जाऊन आला असेल, तर याला ‘इम्प्रोव्ह’ म्हणतात हेही त्याला माहीत असतं. हे खूळ मुंबईतून, नेटवरून आलं, असं गावात बोललं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

आधी पोळा घ्या. श्रावणी अमावस्येला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की वऱ्हाडात झडत्या सुरू होतात. एकजण पुढं होऊन यमक जुळवत चार-सहा ओळी म्हणतो, शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ असा पुकारा होतो आणि सारं गाव त्यात आवाज मिसळतं. काही झडत्या पिढीजात, पण टाळी घेते ती त्या वर्षीची. कापसाचा भाव, न आलेला पाऊस, सावकार, निवडून गेल्यावर न दिसलेला पुढारी, सगळे त्यात येतात. ज्याच्यावर झडती असते तो बहुधा समोरच उभा असतो आणि त्याला हसावंच लागतं. ताज्या घडामोडीवर नेमका, छोटा विनोद कसा बांधायचा, याचं यापेक्षा कडक शिक्षण मला दुसरं दिसत नाही.

पूर्वेकडं, विदर्भाच्या धानपट्ट्यात म्हणजे झाडीपट्टीत, हेच काम दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं करत आली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. डफ, ढोलकी, टुणटुणं घेऊन शाहीर उभे राहतात, बाईचं सोंग घेतलेला नाच्या असतो आणि सोंगाड्या बोलता बोलता समोरच्या गर्दीलाच खेळात ओढतो. दोन पार्ट्या आमनेसामने आल्या की ती दुय्यम खडी गंमत. एकानं गाण्यात कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच ते फोडून वर उलटा टोला द्यायचा. संहिता नसते, असतो तो ठेका आणि पाठांतराचा साठा.

इम्प्रोव्हचा कागदोपत्री इतिहास वेगळा आहे, तो थोडक्यात सांगतो. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाट्यखेळ रचले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स हे 1959 साली सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’च्या संस्थापकांपैकी एक. पुढं 1977 च्या सुमारास कॅनडातल्या कॅलगरीत कीथ जॉनस्टन यांनी त्याचे सामने भरवले. समोरच्यानं मांडलेलं मान्य कर आणि त्यात आपली भर घाल, हा त्या शाळेचा पहिला धडा. दुय्यममध्ये नेमकं उलटं असतं, समोरच्याचं खोडून काढल्याशिवाय तिथं गुण नाही. म्हणूनच की काय, आपली पोरं कार्यशाळेत पहिल्या दिवशी एकमेकांना फार तोडतात!

संगीताचं मूळ खंजेरीत सापडतं. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून खंजेरी भजन गावागावात नेलं. भजन मंडळात मागं बसून ताल धरणारी पोरं आज विडंबनगीतं करतात, ती त्या तालावरच. गाडगेबाबांचं कीर्तन तर विनोद लिहिणाऱ्यानं मुद्दाम ऐकावं असं. बाबा वऱ्हाडीत लोकांना प्रश्न टाकत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचं वाक्य निघे. कर्ज काढून सण करणाऱ्याला ते असं हसवत की घरी गेल्यावर त्याला ते बोचावं. 1956 साली वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं.

लिहिलेल्या विनोदाचं नातंही याच मुलखाशी आहे, आणि हे आपण सहज विसरतो. मराठी विनोदी लेखाचे जनक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जन्मले नागपुरात आणि वकिली केली वऱ्हाडातल्या खामगाव, जळगाव-जामोदसारख्या गावांत. त्यांचा पहिला विनोदी लेख 1902 चा, नाव ‘साक्षीदार’. कोर्टाच्या पायऱ्यांवर दिसणाऱ्या माणसांवर लिहायला त्यांना पुण्याला जावं लागलं नाही. त्यांना गुरू मानणारे गडकरी 1919 साली सावनेरला वारले, तेही अखेरपर्यंत लिहीतच. मात्र दोघांची भाषा पुस्तकी होती. बोलीतला विनोद मंचावर एकट्यानं उभा केला तो यवतमाळच्या शंकर बडे यांनी, ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्रीतून. आजच्या स्टँड-अपवाल्याचा जवळचा पूर्वज मला तोच वाटतो.

नंतर टीव्ही आला. 2014 मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं, भारत गणेशपुरे यांच्यामुळं वऱ्हाडी घराघरात पोचली आणि ‘काहून बे’ पुण्यातही म्हटलं जाऊ लागलं. तोटाही झाला. अनेक नकलाकारांच्या हातात बोली हाच विनोद होऊन बसली. नुसतं ‘लय’ आणि ‘बाप्पा’ म्हटलं की हशा, मग प्रसंग रचायची गरजच काय? आजच्या गावाकडच्या लेखकाचं खरं भांडण याच्याशी आहे. त्याच्या मालिकेत सगळेच वऱ्हाडी बोलतात, त्यामुळं बोलीवर कोणी हसत नाही. हसू आणायला त्याला प्रसंगच रचावा लागतो.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. भाडिपा ही यूट्यूबवरची मराठी विनोदी वाहिनीही त्याच वर्षीची, पण तिचे विषय शहरी घरातले. गावच्या पोरांनी तिच्याकडून विषयापेक्षा आत्मविश्वास घेतला. पैसा मात्र सहज आला नाही. 2018 पासून जाहिरातीचं उत्पन्न हवं तर यूट्यूबला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं. एवढं गाठूनही महिन्याचं घर चालेल याची खात्री नाही.

झाडीपट्टीत मात्र नाटकाला रोख पैसा आहे. धान निघालं की देसाईगंज-वडसा इथली नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभराचे प्रयोग लागतात, पुष्कळदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री. 2014 ला शर्यतींवर बंदी आली, ती 2021 च्या डिसेंबरात अटींसह उठली. मधल्या काळात मंडईनं नाटक धरून ठेवलं. संगीत तिथं मंचाशेजारी बसून वाजतं, तालमी मोजक्याच होतात आणि प्रॉम्प्टरवर बरीच भिस्त असते. त्यामुळं गडबड झाली की वेळ मारून न्यायचं काम विनोदी नटाकडं येतं. त्याच मंचावर हयात घालवलेले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणूनच तिकडचा शहाणा पोट्टा दोन्ही धरून असतो. हिवाळ्यात कंपनीत नट किंवा ऑर्गनवाला, उन्हाळ्यात मोबाइलवर मालिका. मंचावर ज्या टोल्याला हशा पडला तोच पुढच्या भागात वापरतो, आणि मालिकेमुळं चेहरा ओळखीचा झाला की पुढच्या हंगामात नाइट, म्हणजे प्रयोगाचा मेहनताना, वाढवून मागतो.