पाणी तापलेलं असताना माशांना खायला घालू नका
खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात आम्हाला तातडीचे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांची हकिगत एकच असते. दिवसभर घर बंद, एसी बंद, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलेलं. संध्याकाळी घरचं कोणी येऊन बघतं तर क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडझाप करताहेत, टँग मासा एका कोपऱ्यात निपचित उभा आहे. बघणाऱ्याला वाटतं, बिचारे सकाळपासून उपाशी आहेत. मग फ्रीझरमधली गोठवलेल्या खाण्याची एक क्यूब पडते, वर चिमूटभर दाणे पडतात. मासे एखाद-दुसरा घास घेतात, बाकीचं खडकांच्या फटीत जाऊन बसतं. पहाटे पाणी दुधाळ झालेलं असतं आणि मासे आडवे.

हे पत्रक मुख्यतः या एका चुकीसाठी आहे. तापलेलं पाणी निरोगी मासा काही तास सोसतो. त्याच पाण्यात खाणं घातलं की मात्र त्याचा निभाव लागणं कठीण होतं. कारण समजून घेतलंत तर पुन्हा ही चूक तुमच्याकडून होणार नाही.

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात 25 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांना साधारण सव्वासहा. फरक छोटा वाटेल. पण त्याच वेळी माशाच्या शरीराचे सगळे व्यवहार उष्णतेने वेगात चालू झालेले असतात, म्हणजे त्याची गरज वाढलेली असते. अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो. न खाल्लेलं अन्न कुजवणारे जिवाणू तोच प्राणवायू ओढतात. रात्री टाकीचे दिवे बंद झाले की शेवाळ आणि कोरल (प्रवाळ) प्राणवायू सोडायचं थांबवतात आणि स्वतःच घेऊ लागतात. पहाटेपर्यंत टाकीतली शिल्लक संपते. त्यात कुजलेल्या अन्नातून अमोनिया येतो आणि त्याचा विषारी भाग गरम पाण्यात जास्त असतो. म्हणून मासे संध्याकाळी मरत नाहीत, पहाटे मरतात, आणि मग संशय पाण्यावर, मिठावर किंवा आम्ही दिलेल्या नव्या माशावर जातो.

मासा वर येऊन तोंड हलवतो तो भुकेने नव्हे, श्वासासाठी. भुकेला मासा काचेपाशी येतो, तुमच्या हाताच्या मागे मागे फिरतो. वरच्या थरात एकाच जागी थांबून कल्ले भराभर हलवणारा मासा बघितलात की खाण्याच्या डब्याला हातही लावू नका. चांगला पोसलेला मासा दोन दिवस खाण्यावाचून सहज राहतो.

अशा वेळी करायचं ते इतकंच: टाकीचे दिवे बंद करा, काचेचं झाकण काढा, वेव्हमेकरचं (पाण्यात लाटा काढणाऱ्या पंपाचं) तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग चांगला खळबळू द्या, एअर पंप असेल तर लावा, साधा टेबल फॅन पाण्यावरून आडवा वारा जाईल असा ठेवा. कोणी आधीच खाणं घातलं असेल तर दिसेल तेवढं जाळीने किंवा नळीने ओढून काढा. पाणी हळूहळू उतरू द्या, तासाला एका अंशाहून जास्त नको. बर्फाचे खडे टाकीत टाकायचे नाहीत, कारण घरचा बर्फ नळाच्या पाण्याचा असतो, त्यात क्लोरीन येतं आणि खारेपणाही उतरतो. बर्फ वापरायचाच तर आरओचं पाणी बाटलीत भरून गोठवा आणि बाटली बंदच ठेवून संपमध्ये (टाकीखालच्या पाणी गाळायच्या छोट्या टाकीत) तरंगत सोडा. उन्हाळ्यात फ्रीझरमध्ये अशा दोन बाटल्या कायम असाव्यात.

फोन केल्यावर आम्ही आधी तापमान विचारतो, आणि शेवटचं खाणं कधी व किती घातलं ते विचारतो. काही ग्राहकांना याचा राग येतो. त्यांचं म्हणणं, प्रश्न कसले विचारता, माणूस पाठवा किंवा औषध द्या. पण ठाण्याहून डोंबिवलीला माणूस पोहोचेपर्यंत दीड तास जातो, आणि झाकण काढून वारा लावायला तुम्हाला पाच मिनिटं पुरतात. औषधाचं म्हणाल तर पाणी तापलेलं असताना आम्ही ते कधीच देत नाही. तांब्याच्या औषधाने कोळंबी आणि कोरल मरतात, फॉर्मालिनसारखी औषधं पाण्यातला उरलासुरला प्राणवायू आणखी कमी करतात. ज्या दुकानात आजार न विचारता बाटली हातात ठेवतात, तिथे ती घेऊ नका.

तापमान बघायला काचेवर चिकटवायची पट्टी वापरू नका. ती अर्धं पाण्याचं आणि अर्धं खोलीचं तापमान दाखवते. पाण्यात बुडणारा सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको, महिन्यातून एकदा दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून बघा.

आता पाणी थंड ठेवण्याबद्दल. आमचा आग्रह 25 ते 26 अंशांचा आहे. 27 ला स्थिर असलेली टाकीसुद्धा उत्तम चालते. रात्री 25 आणि दुपारी 29 असे हेलकावे खाणारी टाकी मात्र आजारी पडतेच. यावर नेहमीचा प्रश्न असतो की मे महिन्यात आपला अरबी समुद्रही तापतोच, मग टाकीलाच चिलर का? समुद्र खोल आहे, सतत हलता आहे, त्याचं पाणी दुपारी तीन तासांत चार अंश चढत नाही, आणि तिथे माशाला खाली जायला जागा असते. आणि समुद्रालाही एखाद-दोन अंश जड जातातच. 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपचे कोरल मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, ते पाणी नेहमीपेक्षा थोडंच जास्त, पण आठवडेच्या आठवडे गरम राहिल्यामुळे. कोरलच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ उष्णतेत बाहेर पडतं. तुमच्या टाकीतल्या मशरूम आणि झोअँथिड कोरलचंही तसंच होतं. रंग फिका पडू लागला तर आधी थर्मामीटर बघा, कोरलचं खाणं नंतर.

पंख्याने काम भागेल का, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. पंखा पाणी उडवून, म्हणजे त्याची वाफ करून, थंडावा देतो. एक लिटर पाणी उडालं की 400 लिटरची टाकी साधारण दीड अंशाने उतरावी एवढी उष्णता ते घेऊन जातं. म्हणून नाशिक-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा छान चालतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, तिथे एक-दोन अंशांपलीकडे अपेक्षा ठेवू नका. तुमची टाकी 28 पर्यंतच जात असेल तर आम्ही तुम्हाला चिलर विकणार नाही, पंखाच सांगू. झाकण काढल्यावर मात्र वर जाळी ताणून घ्या. रास (wrasse) आणि फायरफिश हे मासे हमखास उड्या मारतात.

पंखा लावला की पाणी रोज उडतं, मीठ तसंच मागे राहतं. एक लिटर उडालं की जवळजवळ 35 ग्रॅम मीठ उरलेल्या पाण्यात शिल्लक राहतं. तेव्हा भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. ही दुसऱ्या क्रमांकाची चूक. आपोआप भर घालणारं यंत्र आमच्याकडे आहे. पंखा लावणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावं असं आमचं मत आहे, कारण रोज मोजून पाणी घालणं सुरुवातीला सगळे करतात आणि पुढे राहून जातं. जुहू-मार्वेचं पाणी भरून आणू का, असंही विचारतात. आणू नका. किनाऱ्याजवळ सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात तिथला खारेपणा कमालीचा उतरतो.

चिलर बसवताना एक गोष्ट आम्ही कधीच मान्य करत नाही: तो टाकीखालच्या बंद कपाटात ठेवणं. चिलर पाण्यातली उष्णता काढून बाहेर हवेत टाकतो. कपाटाचं दार लावलंत की ती उष्णता तिथेच कोंडते, तेच कपाट आणि त्यातला संप तापतो, आणि यंत्र थांबता थांबत नाही. दिवाणखान्यात यंत्र दिसायला नको ही अडचण आम्हाला कळते. अशा घरी आम्ही पाइप लांबवून चिलर बाल्कनीत सावलीला ठेवून देतो. त्याचे पैसे जास्त पडतात, पण विजेच्या बिलातून ते वसूल होतात. चिलर 26 ला लावा. 22 ला लावल्याने मासे जास्त खूश होत नाहीत. मागची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवा. कॉम्प्रेसर बिघडला म्हणून आणलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांची जाळी नुसती धुळीने बंद झालेली असते.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर चिलर जोडू नका, बॅटरी लगेच बसेल. आधी एअर पंप किंवा एक वेव्हमेकर चालू ठेवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप स्वस्त असतो. आमच्याकडून नाही, कुठूनही घ्या, पण घरात असू द्या.

खाण्याबद्दल. गरम दिवसांतही मासे नीट पोसलेले हवेत, कारण अंगात बळ असलेला मासाच उष्णता सोसतो. उन्हाळ्यात मोठं खाणं सकाळी, पाणी सर्वांत थंड असताना द्या. संध्याकाळचं निम्म्यावर आणा, आणि पाणी 28 च्या वर असेल तर टाळा. दोन मिनिटांत संपेल तेवढंच एका वेळी. अँथियास मासे असतील तर त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं, म्हणून ज्यांच्या घरी दिवसभर कोणी नसतं त्यांना आम्ही अँथियास देत नाही.

फ्रोझन क्यूब तशीच पाण्यात सोडू नका. वाटीत टाकीचंच थोडं पाणी घेऊन त्यात ती विरघळवा, बारीक गाळणीत ओता, खालचं गढूळ पाणी फेका आणि गाळणीत उरलेलं खायला घाला. त्या गढूळ पाण्यातला फॉस्फेट शेवाळाला खतासारखा लागतो. मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) हे मुख्य खाणं ठेवा. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) मासे आवडीने खातात, पण पोषण न भरलेल्या नुसत्या आर्टेमियावर मासा खंगतो. पाठ वरून बघितली की चिमटलेली दिसते. टँगना रोज नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद) हवीच, काचेला क्लिप लावून. सुशीची नोरी चालते, मात्र मीठ-तेल लावलेली किंवा चटकदार मसाल्याची नको.

बाजारातलं ताजं घालायचं असेल तर घाला, आमची हरकत नाही. सोललेली कच्ची कोळंबी, माकुल किंवा तिसऱ्यांचं मांस, स्वच्छ धुऊन, बारीक चिरून, गोठवून ठेवा. शिंपला उघडून अख्खी तिसरी टाकीत ठेवली तर अँजेलफिश तिच्यावर तुटून पडतात. बांगडा आणि तारली नको, त्यांच्या तेलाचा तवंग पाण्यावर येतो, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नीट चालत नाही आणि पृष्ठभागावरून प्राणवायू आत जायची वाट अडते. रोज एकच एक खाणं नको, हे मात्र सगळ्यांना लागू.

फ्रोझन खाणं कुठूनही घ्या, पण पाकिटातल्या क्यूब सुट्या आहेत का बघा. सगळ्या वितळून एकमेकींना चिकटल्या असतील किंवा तळाला लाल पाणी गोठलं असेल तर ते पाकीट एकदा वितळून परत गोठलेलं आहे. आम्ही म्हणूनच थर्माकोलच्या डब्यात बर्फाचं पाकीट घालून देतो. लोकलने तासाभराच्या प्रवासाला ते पुरतं. डब्याचे पैसे लागतात. डबा परत आणलात की ते पुढच्या खरेदीत वजा होतात.

मासा विकायच्या आधी दोन आठवडे आम्ही तो आमच्या टाकीत ठेवतो आणि तुमच्या समोर खायला घालून दाखवतो. किंमत थोडी जास्त आहे ती यामुळे. मँडरिन मासा मागायला येणाऱ्यांना आम्ही आधी टाकी किती जुनी आहे ते विचारतो, कारण हा मासा दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड (अगदी बारीक जीव) टिपत फिरतो, आणि वर्षाच्या आतल्या टाकीत तेवढे नसतात. समुद्रघोडे, भारतीय समुद्रातले दगडी कोरल आणि समुद्रपंखे आम्ही ठेवत नाही आणि मागवूनही देत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ने त्यांना संरक्षण दिलेलं आहे.

मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. प्रेमापोटी ते दुप्पट घालतात. औषधाच्या गोळ्यांसाठी आठवड्याच्या वारांची डबी मिळते, तिच्या एकेका खणात एका दिवसाचे दाणे मोजून भरा आणि ती डबी द्या. मोठा डबा कुलपात ठेवा. आपोआप खाणं घालणारं यंत्र उन्हाळ्यात चालतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने दाणे एकमेकांना चिकटतात आणि तोंड बुजतं, त्यामुळे गणपतीसाठी त्याच्या भरवशावर जाऊ नका. त्या आठवड्यात एक दिवसाआड आमचा माणूस येऊन तापमान बघतो, आरओ पाण्याची भर घालतो आणि मासे खाऊ घालतो. ही नोंदणी जुलैअखेरपर्यंत घेतो. चिलरची उन्हाळ्याआधीची सर्व्हिसिंग फेब्रुवारीत सुरू होते. मार्च लागला की माणसं कमी पडतात, तेव्हा तारीख आधी सांगून ठेवा.