यजमान कुटुंब (विद्यार्थी-विनिमय)

परदेशातून विनिमय योजनेखाली आलेल्या शाळकरी वयाच्या मुलाला किंवा मुलीला काही आठवड्यांपासून एका शैक्षणिक वर्षापर्यंत आपल्या घरी ठेवून घेणारे आणि त्यासाठी सहसा राहण्याजेवण्याचे पैसे न घेणारे कुटुंब, त्यास यजमान कुटुंब असे म्हणतात. संज्ञा कागदावरची आहे. मराठी घरात ‘आमचे यजमान’ म्हणजे नवरा, त्यामुळे सांगली-मिरजेत बोलताना सर्रास ‘होस्ट फॅमिली’ असाच शब्द वापरला जातो. पैसे घेऊन खोली व जेवण देणारे ‘पेइंग गेस्ट’चे घर यात मोडत नाही.

घरी राहूनच परका समाज कळतो, ही कल्पना दोन महायुद्धांच्या दरम्यान आकाराला आली. युरोपातील काही रोटरी क्लबांनी १९२० नंतरच्या दशकात मुलांची देवाणघेवाण सुरू केली. डोनाल्ड वॉट या अमेरिकी गृहस्थाने १९३२ मध्ये ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांच्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ने (एएफएस) १९४७ पासून शाळकरी मुलांच्या विनिमयाचे काम हाती घेतले. दक्षिण महाराष्ट्राला यातले काहीच नवखे वाटू नये, कारण वारावर जेवून, म्हणजे आठवड्याच्या सात दिवशी सात घरी पान मांडून घेऊन शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या येथे झाल्या. मात्र वारकऱ्याला (येथे अर्थ पंढरीचा नव्हे) घरात जागा पंगतीपुरतीच असे आणि ती बहुधा जातीतच मिळे. विनिमय विद्यार्थ्याला घराची किल्ली द्यावी लागते.

रोटरीच्या दीर्घ मुदतीच्या योजनेत विद्यार्थी साधारणतः १५ ते १९ वर्षांचा असतो आणि वर्षभरात एकाहून अधिक कुटुंबांत राहतो. विमानप्रवास आणि विमा यांचा खर्च त्याच्या पालकांकडे, राहणे-जेवण यजमानांकडे व थोडा हातखर्च क्लबकडे अशी वाटणी असते. कुटुंब निवडताना घरी येऊन पाहणी होते, मुलाखत होते आणि घरातील प्रौढांची पार्श्वभूमी तपासली जाते. शिवाय यजमान घराबाहेरचा एक समुपदेशक विद्यार्थ्याला नेमून दिलेला असतो, जेणेकरून घराविषयीची तक्रार घरातल्याच माणसाला सांगण्याची पाळी मुलावर येऊ नये. विद्यार्थ्याने वाहन चालवायचे नाही, हा नियम दहावीनंतर गाडीची चावी हातात पडणाऱ्या सांगलीकर मुलांना विचित्र वाटतो. स्वतंत्र खोली नसली तरी स्वतंत्र पलंग असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. अमेरिकेच्या सरकारी नियमांत तर हा पलंग घडीचा किंवा हवा भरण्याचा नसावा, इतके स्पष्ट लिहिलेले आहे. पाहुणे आले की गाद्या घालणाऱ्या घराने हे आधीच वाचून ठेवलेले बरे.

भारतात परदेशी व्यक्तीला घरी उतरवून घेणाऱ्याने तिच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंद हॉटेलांपुरतीच असते असा समज आहे, पण ती खासगी घरालाही लागू होते. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असल्यास आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. परदेशी नागरिकांसंबंधीचे जुने कायदे रद्द करून आणलेला नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला असला तरी माहिती देण्याची यजमानाची जबाबदारी त्यातही कायम आहे.

विद्यार्थी पाहुणा नसतो, ही या व्यवस्थेतील सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि पाहुणचाराचा अभिमान असलेल्या प्रदेशात ती अधिकच अवघड होते. पहिल्या आठवड्यात श्रीखंड, पुरणपोळी, भडंग असे सगळे पुढे येते आणि ‘नको’ म्हटले तरी वाढले जाते, कारण मराठी पंगतीत पहिला नकार हा नकार धरतच नाहीत. ज्या समाजात नको म्हणजे नकोच असते तेथून आलेल्या मुलाला या आग्रहात आपले बोलणे कोणी ऐकत नसल्याची भावना येते, तर पान अर्धे टाकून उठलेल्या मुलाकडे पाहून स्वयंपाक करणाऱ्या काकूंना वाईट वाटते; चूक दोघांचीही नसते. तिखटाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, कारण कांदा-लसणाची चटणी पानात वेगळी वाढता येते.

बंद दाराचे तसेच. खोलीचे दार लावून बसणे ही अनेक देशांत रोजची सवय असते. आपल्याकडे दार लावले की मूल रुसले असे समजून तीन माणसे विचारायला जातात. याउलट ताट उचलून मोरीत ठेवायला, अंथरूण आवरायला मूल स्वतःहून पुढे आले की त्याला बसवले जाते, आणि घरातला त्याच्याच वयाचा मुलगा तर बसलेलाच असतो. अनुभवी कुटुंबे म्हणून पहिल्याच आठवड्यात एखादे काम कायमचे नेमून देतात. गणपतीत विद्यार्थ्याला कुर्ता घालून फोटोला उभे करण्यापेक्षा दुर्वांच्या जुड्या बांधायला बसवले, तर तो त्या घरात लवकर मिसळतो. संबोधनाचाही उपयोग होतो. ‘सर’, ‘मॅडम’ टाळून काका, काकू, आजी म्हणायला लावले आणि मोठ्यांनी त्याला अरे-तुरे केले की अंतर कमी होते. मराठी मात्र फारशी येत नाही, कारण घरातल्या प्रत्येकाला त्याच्यावर आपले इंग्रजी घासूनपुसून घ्यायचे असते. या बाबतीत ज्या घरात आजी आहे तेथील विद्यार्थी नशीबवान.

शाळेचे वेळापत्रक जुळत नाही. महाराष्ट्रात वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर युरोप-अमेरिकेतील मुले बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येतात. बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षात बसवण्यापेक्षा त्यांना अकरावीत ठेवणे सोयीचे पडते. कॉलेजच्या तासांनी न भागणारा भाग शहर भरून काढते : हळदीचे सौदे, किंवा मिरजेतील सतार-तंबोरे घडवणाऱ्यांची दुकाने, जेथे वाळलेल्या भोपळ्यापासून वाद्य होईपर्यंतचे काम डोळ्यांदेखत चालते.

येण्याचा हंगाम आणि कृष्णेच्या पुराचा हंगाम एकच आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि २०२१ च्या जुलैतही शहरात पूर आला. नदीकाठच्या कुटुंबाने विद्यार्थी स्वीकारताना, घर सोडावे लागल्यास त्याला कोणत्या घरी हलवायचे हे समुपदेशकाशी ठरवून त्या घराचीही आधीच तपासणी करून घ्यावी. मुक्काम बदलला की पत्त्याचा बदलही कळवावा लागतो, आणि पासपोर्ट पहिल्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या कपाटात असलेला चांगला.