छातीठोकपणे सांगतो म्हणजे खरंच पाहिलं का?

शंकरनगर चौकात गाडी ठोकली की पाच मिनिटांत पानठेल्यावर "मी पाहिलं ना भाऊ" म्हणणारे भेटतातच, आणि जो सगळ्यात छातीठोकपणे सांगून राहिला तोच खरा असं आपण धरून चालतो. हा गैरसमज साधा नाही, कोर्टात याच्यावर माणसं आत जातात.

आठवण बदलते हे १९७४ मध्येच लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी दाखवलं. अपघाताची फिल्म दाखवून प्रश्नात "धडकल्या"च्या जागी "चक्काचूर झाल्या" असा शब्द टाकला तर लोकांनी गाड्यांचा स्पीड जास्त सांगितला.

पण मला भारी वाटतं ते खात्रीचं प्रकरण. आठवणं वेगळं आणि आठवलेलं बरोबर आहे का हे स्वतःच जोखणं वेगळं, यालाच मेटाकॉग्निशन म्हणतात. आता जोखायला मेंदूकडे मूळ घटना तर नसते, मग तो बघतो की किती झटकन आठवलं, चित्र किती स्पष्ट आलं. तीच गोष्ट घरी, शेजारी, पोलिसांना दहादा सांगितली की ती झटकन येणारच, सरावाने आलेली असते पण मेंदू समजतो खरी आहे म्हणून आली.

१९९८ चा वेल्स आणि ब्रॅडफिल्डचा प्रयोग बघा. लोकांना सिक्युरिटी कॅमेऱ्याचा धूसर व्हिडिओ दाखवला, मग फोटो दिले ज्यात खरा गुन्हेगार नव्हताच, म्हणजे ज्याला निवडलं तो चुकीचाच. काहींना नुसतं म्हटलं, "छान, बरोबर ओळखलात." नंतर विचारलं तर हेच लोक म्हणाले की आम्हाला तेव्हाच खात्री होती, चेहरा नीट दिसला होता, लक्षही होतं! व्हिडिओ सगळ्यांनी एकच पाहिला होता, म्हणजे एका शाबासकीने मागची खात्रीच नव्हे, तर तेव्हा किती दिसलं होतं हेसुद्धा बदललं.

चोर सांगणारा मांत्रिकही तुमच्या संशयावर मान डोलावून हेच करतो, तुमची खात्री वाढवतो. आणि संमोहनाने विसरलेलं सगळं आठवतं म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा, त्याने खात्री वाढते, अचूकपणा वाढेलच असं नाही.

पण म्हणून खात्री पूर्ण निरुपयोगी आहे असंही नाही. विक्स्टेड आणि वेल्स यांनी २०१७ मध्ये मांडलं की ओळख नीट, काही न सुचवता घेतली तर पहिल्या वेळची खात्री बरंच सांगून जाते. आपल्याकडे ओळख परेड (म्हणजे रांगेतल्या माणसांतून संशयिताला ओळखायला लावणं) दंडाधिकाऱ्यासमोर होते आणि तेव्हा पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं, हे चांगलंच आहे, पण साक्षीदार त्या क्षणी "बहुतेक हाच" म्हणाला की "हाच", ते त्याच्याच शब्दांत तिथल्या तिथे लिहून घ्यायला पाहिजे.