मोतीबिंदूसाठी रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नका

थंडीत ऑपरेशन केलेलं बरं, या समजुतीने कागल, राधानगरीकडची वयस्कर मंडळी दिवाळीनंतर मोतीबिंदू काढायला कोल्हापूर गाठतात. कुणाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळीची नळी बसवलेली असते, कुणाची हृदयाची झडप बदललेली. ‘डोळ्यातनं रगत थांबलं न्हाई तर?’ या धास्तीने काही जण रक्त पातळ करणारी गोळी आधीच बंद करून येतात. ही धास्ती बहुतेकदा अनाठायी असते. गोळी बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं.

फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या शस्त्रक्रियेत छेद जेमतेम २ ते ३ मिलिमीटरचा असतो, तोही बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला. या पटलात रक्तवाहिन्याच नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत. जे भिंग काढायचं, त्यातही रक्तवाहिनी नाही. मग रक्त येणार कुठून?

खरी काळजी भुलीची. डोळ्यामागे इंजेक्शन देताना सुईने रक्तवाहिनी दुखावली, तर खोबणीत रक्त साठून दाब वाढतो आणि दृष्टीच्या नसेला इजा होऊ शकते. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर नजर जाऊ शकते. त्यामुळे फेकोत नुसते भुलीचे थेंब घालता येतात, किंवा बोथट नळीने डोळ्याच्या आवरणाखाली औषध सोडता येतं. शिबिरांत मात्र पुष्कळदा ६ ते ७ मिलिमीटर छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया होते. तो छेद डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जातो, भूलही बहुधा सुईनेच देतात. तिथे रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याची माहिती डॉक्टरांना आधी असणं फार गरजेचं.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, कायमच्या निकामी करतात. नव्या प्लेटलेट पुरेशा तयार व्हायला ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे एक दिवस गोळी चुकवून रक्तस्राव टळत नाही, आणि आठवडाभर चुकवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यांची शस्त्रक्रियेआधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासतात. बहुतेकांसाठी तो २ ते ३ असावा लागतो, काही कृत्रिम झडपांसाठी थोडा जास्त. ठरलेल्या मर्यादेत असला, तर गोळी चालू ठेवूनच मोतीबिंदू काढता येतो.

काचबिंदू, पापणी किंवा पडद्याच्या शस्त्रक्रियेचं गणित वेगळं. तिथे डोळ्यांचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात.

‘गोळी सांगितली तर परत पाठवतील’ म्हणून कृपया लपवू नका. हृदयाची फाइल आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि पहिल्या तपासणीतच दाखवा. भूल कशी द्यायची हे त्यावरून ठरतं.