नॅनोकण आणि पॉलिमर मिसळण्याआधी

आमच्याकडून ऋणभारित नॅनोकण आणि धनभारित पॉलिमर सोबत मागवणारे ग्राहक हमखास विचारतात: दोन्ही द्रावणं स्वच्छ होती, मग मिसळताच साका कसा बसला? बहुतेक वेळा दोष मालात नसतो, मिसळण्याच्या रीतीत असतो.

विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हे झालंच. पण प्रत्येक भाराभोवती लहान आयन आधीपासून जमलेले असतात, कणाजवळ सोडियम आणि पॉलिमरच्या साखळीजवळ क्लोराइड. साखळी कणाला चिकटली की हे आयन पाण्यात मोकळे होतात, एंट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था, वाढते. जोडणीला मोठं बळ इथून मिळतं. म्हणूनच ती क्षणात होते आणि सहजी सुटत नाही.

धन आणि ऋण भार सारखे झाले की झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) शून्याजवळ येतं. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं काही उरत नाही आणि गुठळ्या होतात. पॉलिमर पुरेसं जास्त असेल तर कणांचा भार उलटून धन होतो आणि द्रावण पुन्हा टिकतं. त्यामुळे प्रमाण वजनावर नव्हे, भारावर काढा. कणांवर नुसतं आवरण हवं असेल तर कणांचं द्रावण जास्तीच्या पॉलिमरमध्ये ढवळत सोडा. उलट क्रमाने थेंबथेंब गेलात, तर वाटेत तो समभाराचा टप्पा लागतोच.

आमच्या मते सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मीठ. १ मिलिमोलर मिठात भाराचा प्रभाव सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत पोचतो, १०० मिलिमोलरमध्ये जेमतेम १. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं आवरण असलेले कण १ मोलर मिठातही टिकतात आणि तिथे पॉलिमरशेजारी न जुळता राहू शकतात. मग डायलिसिसने (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून मीठ बाहेर जाऊ देऊन) किंवा पाणी घालून मीठ कमी करत जा, म्हणजे जुळणी तुमच्या हातात राहते. मीठ सावकाश काढलं तर पुंजके मोठे होतात, झटकन काढलं तर लहान. लोह ऑक्साइडचे कण वापरून हेच डायलिसिस चुंबकीय क्षेत्रात केलं, तर पुंजक्यांऐवजी मायक्रोमीटर लांबीच्या काड्या तयार होतात. ही रीत आम्हाला फार आवडते.

सामूही (pH) तपासा. कायटोसान या धनभारित पॉलिमरवरचा भार सामू ६.५च्या वर गेला की झपाट्याने घटतो. चतुष्क अमोनियम गटाच्या (ज्याचा धनभार कायम राहतो अशा) पॉलिमरवर सामूचा असा परिणाम होत नाही.

मागणी नोंदवताना तुमच्या द्रावणाचा सामू आणि मिठाचं प्रमाण कळवा. मिसळण्याचं प्रमाण आणि क्रम आम्ही मालासोबत लिहून पाठवू.