भिंत किती सुताची?

न्यू जर्सीतलं आमचं घर 1948चं. बाथरूमचा पाइप बदलायला प्लंबरने मागच्या भिंतीला वीतभर भोक पाडलं आणि भोक बुजवणं आमचं काम नाही म्हणून निघून गेला. म्हटलं त्यात काय, अर्ध्या इंचाची ड्रायवॉल शीट, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेला जिप्समचा तयार बोर्ड आणला, चौकोन कापला, बसवला, तर तो भिंतीपासून चांगला तीन सूत आत! सूत म्हणजे आपल्या सुताराचंच, इंचाचा आठवा भाग. अमेरिकेतल्या भिंती समजून घ्यायला याच्याइतकं सोयीचं माप नाही खरं तर.

आज इथे घरात सर्रास लागते ती चार सुताची शीट. पण ही भिंत होती सात सुताची. कापलेली कड टॉर्चने बघितली तर आत दोन थर स्पष्ट दिसत होते, आधी तीन सुताचा जिप्सम बोर्ड आणि त्यावर हाताने केलेलं चार सूत प्लास्टर. त्याआधीच्या, म्हणजे साधारण शंभर वर्षं जुन्या घरांत बोर्डाच्या जागी लाकडी पट्ट्या असतात, पट्ट्यांमध्ये फटी ठेवायच्या, ओलं प्लास्टर त्या फटींतून मागे जाऊन लोंबतं आणि तिथेच वाळून भिंतीला धरून ठेवतं. ऑगस्टीन सॅकेटने कागद आणि जिप्समच्या बोर्डाचं पेटंट 1894मध्ये घेतलं, पण नुसता बोर्ड मारून रंग द्यायची पद्धत रुळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण घरं भराभर हवी होती आणि प्लास्टर वाळायला वेळ कुणाला होता?

जिप्सम म्हणजे काही वेगळं नाही हो, आपल्या पीओपीचाच कच्चा माल. गंमत म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळपास 21 टक्के पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. वीसेक किलोच्या एका शीटमध्ये चार लिटर पाणी, आणि हात लावला तर कोरडी ठणठणीत! आग लागली की आधी हे पाणी वाफ होऊन जातं, आणि ते संपेपर्यंत भिंतीची मागची बाजू 100 अंशांच्या फार वर चढत नाही. म्हणजे जाडी जास्त तितकं पाणी जास्त, तितका पळायला वेळ जास्त. म्हणून तर गॅरेजच्या वर बेडरूम असेल तर गॅरेजच्या छताला पाच सुताची टाइप एक्स, म्हणजे आग जास्त वेळ सोसणारी शीट मारतात, तिच्यात काचेचे तंतूही असतात, पाणी गेल्यावर भुगा होऊन खाली पडू नये म्हणून.

तुमची भिंत किती सुताची ते बघायचं असेल तर आधी मेन बंद करा, मग स्विचची प्लेट काढून कड मोजा. फक्त जुनी भिंत घासू नका एकदम, आधी टेस्ट करून घ्या, 1977मध्ये बंदी येईपर्यंत सांधे भरायच्या लांबीत, म्हणजे पुट्टीत, ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक.

आमच्या भोकाचं शेवटी काय केलं? आणखी एक शीट आणली, तीन सुताची आत आणि चार सुताची वर, बरोब्बर सात. संध्याकाळी दिव्याचा उजेड तिरका पडला की पॅच दिसतोच, तिथे आता कालनिर्णय टांगलंय.