चाक लहान करायचं की स्प्रॉकेट मोठं?

सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे पोट्टे जुन्या बाइकचं इंजिन पाइपच्या चेसिसवर बसवून गो-कार्ट करायला घेतात, आणि पहिला वाद हमखास इथेच होतो. गाडी ओढत नाही. मग चाक लहान करायचं की मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर चढते ते दातेरी चाक, मोठं? दोन्हींनी पिकअप वाढतो आणि टॉप स्पीड कमी होतो, म्हणून दोन्ही एकच, असं बहुतेकांना वाटतं. कागदावर ते बरोबर आहे. वावरात नाही.

आधी कागद बघू. आमच्या शंभर सीसी इंजिनला पुढे १४ दाते, बाइकवर मागे ४२. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरलं की चाकाचा एक फेरा. बाइकचं मागचं चाक टायरसकट साधारण साडेतेवीस इंच. तेच १४-४२ ठेवून जुन्या बजाज चेतकचं ३.५०-१० टायर लावलं, जे सुमारे १७ इंच भरतं, तर प्रत्येक गिअरला वेग बाइकच्या ७२ टक्क्यांवर येतो आणि ढकलण्याचा जोर जवळपास १.४ पट होतो. ११ इंची कार्ट टायर लावलं तर वेग निम्म्याच्याही खाली. बाइकइतकाच वेग हवा असेल, तर ११ इंची चाकाला मागे २० दाते लागतात आणि १७ इंचीला ३०. पुढचा एक दाता मागच्या तिनाएवढा: १४ चे १३ केले, की ४२ चे ४५ केल्यासारखंच.

फरक पडतो तो जमिनीवर. स्प्रॉकेट बदललं तर फक्त वेग आणि जोर बदलतो. चाक बदललं की गाडीची उंची, ब्रेक, वळणावरचा तोल, सगळंच बदलतं.

आमची पहिली गाडी ११ इंची चाकांवर होती आणि मागे तेच ४२ दात्यांचं स्प्रॉकेट. ते स्प्रॉकेट सात इंच रुंद. धुऱ्यापाशी बसून पट्टी लावली तेव्हा चेन आणि जमिनीत दोन इंचही उरत नव्हते. तरी आम्ही पऱ्हाटी उपटलेल्या वावरात गाडी घातली. एक खुंट राहिला होता, तो चेनमध्ये शिरला. मागचा एक्सल सलग, म्हणजे दोन्ही चाकांना एकच दांडा, असल्यामुळे दोन्ही चाकं एकदम जाम झाली आणि गाडी गर्रकन फिरली. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून चेनगार्डशिवाय मी कुणालाच बसू देत नाही.

काळ्या मातीत ढेकळं असतात, बैलबंडीच्या चाकोऱ्या असतात. बंडीची चाकं एवढी मोठी असतात ती यासाठीच: मोठं चाक ढेकळावर चढून जातं, लहान चाक त्याला अडतं. पण मोठ्या चाकाचीही किंमत असते. त्याच ब्रेकला आता लांब दांडीशी झुंजावं लागतं, म्हणून गाडी तितकी जोरात थांबत नाही. बैठक उंच होते आणि वळणावर उलटायची भीती वाढते. मोठं चाक लावून दाते तसेच ठेवले, तर गाडी जागची हलवायला हाफ क्लच धरावा लागतो आणि क्लचप्लेटा जळतात. त्यात ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलेल्या इंजिनाला वारा कमी मिळतो. विदर्भाच्या मे महिन्यात ते आधीच तापलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. चाक जमीन बघून ठरवा, वेग स्प्रॉकेटनं जुळवा. चोपलेलं मुरमाचं मैदान असेल तर ११ इंची चालेल. वावरासाठी स्कूटरचंच चाक घ्या. ते नटांवर बसतं, त्यामुळे लेथवाल्याला हब, म्हणजे चाक एक्सलला जोडणारा तुकडा, करणंही सोपं जातं. रस्त्याचा विचारच करू नका, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय गाडी तिथे चालवता येत नाही.

चाकाचं माप टायरवरच्या आकड्यांवरून धरू नका. ड्रायव्हरला बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करा, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकला आणि टेपनं अंतर मोजा. स्कूटरच्या चाकाला ते १३५ सेंटीमीटरच्या आत भरेल, कारण वजनानं टायर दबतं. त्या आकड्यावरून दाते काढा, आणि मगच लेथवाल्याकडे जा.